फोन घरात आला, हातात कधी येणार?

गोष्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. अमेरिकेतील एटी अँड टी या बलाढ्य टेलिफोन कंपनीने मॅकिन्से या नावाजलेल्या सल्लागार संस्थेला विचारले, सन २००० पर्यंत आपल्या देशात किती लोक मोबाइल वापरू लागतील? अभ्यास झाला, आकडेमोड झाली आणि उत्तर आले, सुमारे ९ लाख. प्रत्यक्षात २००० साल उजाडले तेव्हा तिथे मोबाइल वापरणारे १० कोटींच्या पुढे गेले होते. शंभरपटीहून मोठी चूक, आणि तीही हुशार माणसांची!

त्यांना हसण्याआधी तेव्हाचा मोबाइल कसा होता ते पाहिले पाहिजे. १९८३ मध्ये मोटोरोलाचा हातात धरता येणारा पहिला फोन विक्रीला आला, तो जवळजवळ ४,००० डॉलरचा. आकाराने विटेसारखा, आणि पूर्ण चार्ज केल्यावर जेमतेम अर्धा तास बोलता येई. समोरच्या त्या विटेवरून हिशेब मांडला तर ९ लाख हा आकडाही मोठा वाटतो. वीट लहान होईल, किंमत उतरेल आणि माणसांना तिची गरज लागेल, हे हिशेबात धरायचे राहून गेले.

आमच्या वाचक भगिनी विचारतील, अमेरिकेच्या या चुकीशी आमचा काय संबंध? संबंध असा की, आज सरकार योजना आखते, शाळा सूचना पाठवते, बँक संदेश धाडते, ते सगळे एका अंदाजावर चालते. अंदाज हा, की आता फोन सगळ्यांकडे आहे. तो चुकला तर एटी अँड टीसारख्या कंपनीचा धंदा बुडतो एवढेच नाही. कुणाचा अर्ज राहतो, कुण्या मुलीचा अभ्यास राहतो, आणि निराधार योजनेचे पैसे या महिन्यात का आले नाहीत हे दादीला कुणी सांगत नाही. म्हणून नवी वस्तू किती वेगाने पसरते आणि कुठे येऊन अडते, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

शेजारच्या वावरातले कणीस

या विषयाचा पाया फोनवर नव्हे, मक्यावर घातला गेला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन संशोधकांनी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांना विचारले, की संकरित मक्याचे बियाणे तुम्ही कधी घेतले? त्यांचा लेख १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बियाणे उघडच चांगले होते, उत्पन्न जास्त देत होते. तरी ते सर्वांपर्यंत पोहोचायला १९२८ ते १९४१ अशी तेरा वर्षे लागली. दोन शेतकरी तर शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. बियाण्याची माहिती बऱ्याच जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती. विश्वास मात्र शेजाऱ्याचे पीक पाहून बसला.

एव्हरेट रॉजर्स हे याच आयोवातले शेतकऱ्याचे पुत्र. त्यांचे वडील संकरित मका घ्यायला तयार नव्हते. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला, तेव्हा त्यांचे मन वळले. मुलाने पुढे नव्या गोष्टींच्या प्रसारावर १९६२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी माणसांचे पाच गट पाडले. अगदी पहिले धाडस करणारे अडीच टक्के, त्यांच्या मागून विचार करून येणारे साडेतेरा टक्के, मग चौतीस आणि चौतीस टक्क्यांचे दोन मोठे गट आणि सर्वांत शेवटी येणारे सोळा टक्के. आलेख काढला तर सुरुवात सपाट, मध्ये एकदम चढ आणि शेवटी पुन्हा सपाट. १९६९ मध्ये फ्रँक बास यांनी याला गणिताची जोड दिली. काही लोक जाहिरात पाहून घेतात, बाकीचे दुसऱ्याचे पाहून घेतात. या दोन ओढींचा जोर कळला की विक्री कधी शिखरावर जाईल ते काढता येते. कंपन्या आजही याच वाटेने अंदाज बांधतात.

नगर जिल्ह्यातील माणसाला हे शिकवायला नको. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण कितीही गुणी असो, शेजारच्या बांधावरून ते डोलताना दिसल्याशिवाय आपला शेतकरी पिशवी विकत घेत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. तो चालतो हे दिसले आणि मग जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांत धुराडी उभी राहिली. पाहिल्याशिवाय विश्वास नाही, आणि पाहिल्यावर थांबणे नाही!

स्वस्त झाले म्हणजे पसरलेच असे नाही

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीतील सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून लोक नंबर पाहून फोन कापत आणि पीसीओवरून उलट फोन करत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले, आणि रिक्षावाले, भाजीवाले, गवंडी यांच्या खिशात फोन आला. घेतलेला फोन नुसता जवळ ठेवायलाही पैसे पडू नयेत, एवढीच त्यांची अट होती. ती पुरी होताच ते पुढे आले.

यावरून कुणी म्हणेल की सगळा खेळ किमतीचा आहे. तसे असते तर आकाश टॅबलेट घरोघरी दिसला असता. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या समारंभात तो विद्यार्थ्यांसाठी आणला. सरकारला पडलेली किंमत अडीच हजारांच्या आत होती. जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचे कौतुक झाले. पण पडदा बोट जोरात दाबल्याशिवाय ऐकेना, बॅटरी लवकर उतरे, आणि शाळेत नेट नसेल तर त्याचा उपयोग काय, हेही कळेना. थोड्याच वर्षांत त्याचे नाव मागे पडले.

खरा चढ ५ सप्टेंबर २०१६ नंतर दिसला. जिओ सुरू झाले आणि काही महिने नेट फुकट मिळाले. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक जोडल्याचे कंपनीने जाहीर केले. २०१४ च्या सुमारास १ जीबी नेटला अडीचशे रुपयांहून जास्त पडत, ते काही वर्षांत दहा-पंधरा रुपयांवर आले. इथेही हँडसेटपेक्षा रोजचा खर्च मोठा ठरला. घोडा विकत घेणे जमते हो, दाणागोटा परवडला पाहिजे!

आणि मग मार्च २०२० आला. दीक्षा ॲप २०१७ पासून होते. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले होते. त्या कोडसाठी कुणा पालकाने फोन घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शाळा बंद झाल्या आणि कुणी बकरी विकून, कुणी भिशी उचलून फोन घेतला. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत हे दिसते. ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी मुले २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के होती. २०२० मध्ये ती ६२ टक्के झाली, २०२२ मध्ये ७५ टक्के. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ पोहोचले. २०१८ मध्ये बसून अंदाज करणाऱ्या कोणत्या पंडिताच्या गणितात महामारी होती?

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची. ज्या चाचांनी ‘आपल्याला काय करायचाय असला फोन’ म्हणून तो दूर ठेवला होता, ते फोन हातात धरून बांधावर उभे राहिले. गरज दारात आली की वय आड येत नाही.

घर मोजले, माणसे राहिली

आता पुन्हा त्या ९० टक्क्यांकडे पाहू. हा आकडा घराचा आहे. घरात फोन आहे, याचा अर्थ तो घरातल्या प्रत्येकाला मिळतो असा होत नाही. ‘असर’ २०२१ सांगते की, ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. ‘असर’ २०२३ ने निवडक जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलांना विचारले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. निम्म्याहूनही कमी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५४ टक्के महिलांनी सांगितले की त्यांच्याकडे स्वतः वापरता येईल असा फोन आहे. तो कोणताही, साधासुद्धा. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के.

शाळेत हे आम्हाला आकड्यांवाचूनही दिसते. प्रवेशाच्या वेळी अर्जावर आईचा मोबाइल नंबर लिहायची जागा असते. तिथे अब्बांचा नंबर असतो, नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या भावाचा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी अभ्यास टाकला तर अब्बा ट्रक घेऊन पहाटेच गेलेले असतात. ते दोन दिवसांनी येतात, तेव्हा अभ्यास घरी पोहोचतो. कागदोपत्री त्या घरी स्मार्टफोन आहे. त्या मुलीच्या लेखी तो पुणे-नाशिक रस्त्यावर आहे.

ओटीपीचेही तेच. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ई-केवायसी आली. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. हा नंबर कुणाचा, हे कित्येक बहिणींना तेव्हा पहिल्यांदा विचारावे लागले. कुणाचा नवऱ्याच्या जुन्या सिमचा निघाला, कुणाचा बंद पडलेला, कुणाचा आधार काढून देणाऱ्या दुकानदाराचा. स्कॉलरशिपच्या पोर्टलवरही हीच अडचण येते. महिन्याचे १,५०० रुपये बहिणीचे, पण त्यांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही तऱ्हा.

उमराहला जाणाऱ्या बुजुर्गांनाही हे कळून चुकले आहे. मदीना शरीफमध्ये रियाजुल जन्नतला हाजिरी द्यायची तर नुसुक ॲपवरून आधी वेळ घ्यावी लागते. आयुष्यभर फोनला हात न लावलेल्या नानी तिथे कुणाच्या तरी मुलाला म्हणतात, ‘बेटा, मेरा भी देख दे.’

शेवटचे सोळा टक्के आळशी असतात का?

रॉजर्स यांनी शेवटच्या गटाला जे नाव दिले त्याचा अर्थ रेंगाळणारे असा होतो. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत मात्र त्यांनीच बजावले, की दोष व्यवस्थेचा असताना तो माणसावर टाकण्याची खोड संशोधकांना असते. आपल्या घरालाही हे लागू आहे. ‘अम्मीला नाही जमत’ असे म्हणणे सोपे असते. अम्मीच्या हातात फोन सलग पंधरा मिनिटे कधी दिला, हे कुणी विचारत नाही.

इतिहासात याचा एक सुंदर दाखला आहे. युरोपात गुटेनबर्गचा छापखाना पंधराव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. इस्तंबूलमध्ये तुर्की पुस्तके छापण्याची परवानगी इब्राहिम मुतफर्रिका यांना १७२७ मध्ये मिळाली. यावर बोट ठेवून मुसलमानांना नव्याचे वावडे आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण हिंदुस्थानात काय झाले पहा. सुटे खिळे जुळवून नस्तालीक अक्षर नीट छापता येत नव्हते, वाचणाऱ्याचा डोळा त्यावर ठरत नव्हता. मग एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आला. कातिबाने हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावरून छापू लागले, आणि उर्दू पुस्तकांचा पूर लोटला. लखनौमध्ये १८५८ मध्ये निघालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून कुराणशरीफच्या प्रतीही छापल्या गेल्या. माणसे तीच होती, लिपी तीच होती. यंत्र त्यांच्या हाताला जुळले आणि अडलेले काम चालू लागले.

स्मार्टफोनच्या बाबतीत व्हॉइस मेसेजने हेच केले. २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायची सोय आली. इंग्रजी कळफलक, मराठी अक्षरे, उर्दू लिपी या सगळ्यांच्या बाहेर राहिलेल्या दादी-नानी बटण दाबून आपल्या दखनीत बोलू लागल्या. निरक्षरांना स्मार्टफोन काय कामाचा, असे म्हणणाऱ्यांचा अंदाज नानीच्या आवाजाने खोटा पाडला. आमच्या मते आपल्या मोहल्ल्यांत फोन पसरण्याचे हे मोठे कारण आहे, आणि विक्रीच्या तक्त्यात ते दिसत नाही.

संकोच कशाचा?

एक कारण मात्र तंत्राचे नाही, मनाचे आहे. मुलीच्या हातात फोन दिला तर काय होईल, ही भीती. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोबाइलवर फसवणूक होते, नको ते दिसते, फोटोचा गैरवापर होतो. आईबापाला काळजी वाटलीच पाहिजे. घरातील प्रत्येक मोठ्या माणसावर आपल्या माणसांची जबाबदारी आहे आणि तिचा जाब द्यायचा आहे, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे.

पण जबाबदारी मुलाचीही तेवढीच ना? दहावीतल्या मुलाला रात्री बारापर्यंत फोन आणि त्याच वर्गातल्या बहिणीला अर्ध्या तासासाठी दहा प्रश्न, याला राखण म्हणत नाहीत. फोनपासून दूर ठेवलेली मुलगी सुरक्षितही होत नाही. उद्या निकाहनंतर किंवा नोकरीत फोन हातात येईलच, तेव्हा खोटी लिंक कशी ओळखायची हे तिला कुणी शिकवलेले नसेल. चोरून पाळत ठेवणे, ज्याला तजस्सुस म्हणतात, ते सूरह हुजुरातमध्ये मना केले आहे. म्हणून लपून तिचा फोन चाळण्यापेक्षा तिच्याशेजारी बसून तो वापरायला शिकवणे बरे. फोन वापरण्याचे नियम घरातील सर्वांना सारखे असावेत, अब्बांनाही. जेवताना फोन नाही म्हटले तर कुणाचाच नाही.

आमचा अंदाज

विक्रीचा अंदाज कंपन्या करोत. आमचा अंदाज एवढाच, की ज्या घरात अजून फोन नाही तिथे तो येईल, आणि त्याला फार काळ लागणार नाही. अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर रेंज येईल तसा तिथेही येईल. घरातल्या शेवटच्या माणसापर्यंत तो कधी पोहोचेल, हे मात्र कोणतेही गणित सांगू शकत नाही, कारण ते बाजार ठरवत नाही. ते दस्तरखानाभोवती बसलेली माणसे ठरवतात.

म्हणून या महिन्यात प्रत्येक घरात एक मोजणी व्हावी, अशी आमची विनंती आहे. वहीचे एक पान घ्या. घरातील सर्वांची नावे लिहा, दादीपासून धाकटीपर्यंत. प्रत्येक मोठ्या माणसापुढे लिहा, स्वतःचा नंबर आहे का, आधारला तोच जोडलेला आहे का, बँकेला तोच दिलेला आहे का. नसेल तर आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. अम्मीच्या नावाचे सिम अम्मीच्या हातात असू द्या, फोन साधा असला तरी चालेल, ओटीपी साध्या फोनवरही येतो. घरात स्मार्टफोन एकच असेल तर मुलीच्या अभ्यासाची वेळ ठरवून द्या, आणि त्या वेळेत तो फोन तिचा. अब्बा बाहेरगावी असतात अशा घरात शाळेच्या ग्रुपसाठी खालाचा किंवा शेजारच्या बाजीचा नंबर द्या.

आणि शिकवण्याचे काम मुलींकडे सोपवा. नातीने दादीला तीन गोष्टी शिकवाव्यात: आवाजाचा संदेश पाठवणे, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढणे आणि ओटीपी कुणालाही न सांगणे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. जी शिकवते ती स्वतः पक्की होते, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. शिवाय नातीच्या हातात फोन का, हा प्रश्न मग दादीच विचारायची नाही.

आयोवातल्या त्या शेतकऱ्याला पटायला एक दुष्काळ जावा लागला. आपल्या घरातल्या मुलींना आणखी एका लॉकडाऊनची वाट पाहायला लावू नये. पान लिहून झाले की त्यात कुणाचे नाव शेवटी राहते ते पहा. इन्शाअल्लाह पुढच्या रमजानच्या आत ती जागा भरलेली असो.